गोडवा टिकवण्याची कृती

प्रवासवर्णन शिकवणाऱ्याने प्रवासवर्णन लिहू नये, असे माझे मत अलीकडे बनत चालले आहे. आणि लिहिलेच तर ते निदान आपल्याच वर्गात वाचून दाखवू नये. माझ्या हातून दोन्ही गोष्टी घडल्या. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये मी दहा दिवस फ्रान्सच्या दक्षिण टोकाला, भूमध्य समुद्राच्या काठी सुट्टीसाठी गेले होते. धाकटी बहीण तुलूझला असते. तिच्या घरून आगगाडीने नार्बोन, पर्पिन्याँ असे करीत आम्ही दोघी कोलियूर या गावी पोहोचलो. पर्पिन्याँच्या खाली, जिथे पिरेनीज पर्वत थेट समुद्रात उतरतो, तिथे कोलियूर, पोर-वाँद्र, बान्यूल्स आणि सेर्बेर ही चार गावे एकामागून एक वसलेली आहेत. सेर्बेर ओलांडले की स्पेन. या किनाऱ्याला 'कोत व्हेर्मेय', म्हणजे शेंदरी किनारा म्हणतात. वर्षातले बहुतेक दिवस लख्ख ऊन, खाली निळे पाणी, आणि पाण्याच्या काठापासून डोंगराच्या खांद्यापर्यंत द्राक्षवेली. सुट्टीसाठी याहून अधिक काय हवे असते?

परतल्यावर पुढच्या वर्षीच्या एका दिवाळी अंकासाठी मी त्यावर लेख लिहिला. त्यात पाण्यात पाय सोडून बसलेल्या चर्चचा गोल घुमटाचा मनोरा होता. १९०५ च्या उन्हाळ्यात याच गावी आन्री मातिस आणि आंद्रे देरँ यांनी रंगांना मोकळे सोडले, त्याच शरद ऋतूत पॅरिसच्या प्रदर्शनात एका समीक्षकाने त्यांच्यासारख्यांना 'रानटी श्वापदे' म्हटले आणि त्यातून एका चित्रसंप्रदायाचे नाव रूढ झाले, ही माहिती होती. मिठात मुरवलेल्या अँकोव्ही माशांवर अर्धे पान होते. बान्यूल्सच्या एका तळघरात चाखलेल्या गोड, तपकिरी वाइनवर आणखी अर्धे. आणि शेवटून दुसऱ्या परिच्छेदात एक वाक्य होते: 'गावाच्या दफनभूमीत एका स्पॅनिश कवीची कबर आहे.'

तृतीय वर्षाच्या वर्गात 'प्रवासवर्णन' हा वाङ्मयप्रकार चालू असताना, समकालीन नमुना म्हणून, काहीशा लाडानेच मी तो लेख वाचून दाखवला. वाचन संपल्यावर तासगाव तालुक्यातून आलेला एक विद्यार्थी उभा राहिला. घरी द्राक्षबाग असलेला मुलगा. म्हणाला, "मॅडम, एवढ्या उभ्या चढावर बाग आहे म्हणता, मग छाटणीला माणसं मिळतात का? आणि माल खाली कसा आणतात?" मी काहीतरी सांगून वेळ मारून नेत असतानाच मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, "आणि तो कवी कोण, मॅडम?"

दोन्ही प्रश्नांची उत्तरे माझ्या लेखात नव्हती. पहिल्याचे उत्तर मला ठाऊकच नव्हते. दुसऱ्याचे ठाऊक होते, आणि ते ठाऊक असून न लिहिणे ही जास्त गंभीर गोष्ट होती. प्रस्तुत टिपण म्हणजे त्या दोन प्रश्नांना उशिराने दिलेले उत्तर, आणि त्या निमित्ताने आपल्या प्रवासलेखनाविषयीची एक तक्रार आहे. तक्रारीत पहिली आरोपी मीच आहे.

आधी चढाविषयी. तासगावच्या बागेत मांडव असतो, ठिबक असते, दोन ओळींमधून फवारणीचा ट्रॅक्टर जातो. बान्यूल्सच्या जुन्या उतारांवर यांपैकी काही नाही. मांडव नाही, कारण वाऱ्यापुढे तो टिकायचा नाही. 'त्रामोंतान' नावाचा वायव्येकडचा कोरडा वारा दिवसचे दिवस घोंघावत असतो. म्हणून वेल झुडपासारखा बुटका ठेवतात. ट्रॅक्टर चढत नाही. छाटणी हाताने, खुरपणी हाताने किंवा खेचराच्या मदतीने, तोडणीही हातानेच, आणि माल पाठीवर. दगड शिस्टचा, पापुद्रे सुटणारा, माती बोटभर. ती वाहून जाऊ नये म्हणून पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी चुना-सिमेंटाविना, नुसते दगडावर दगड रचून बांध घातले आहेत. या चार गावांच्या डोंगरांवरील बांधांची एकूण लांबी सुमारे सहा हजार किलोमीटर सांगितली जाते. शरदात तिथे पाऊस येतो तो धो धो येतो, आणि बांधांसकट सारे समुद्रात नेऊ पाहतो. त्यासाठी उतारांवर दगडी चर काढलेले असतात. दोन तिरपे चर वरून येऊन मधल्या चराला मिळतात, म्हणून कातालान भाषेत त्या रचनेला 'कोंबड्याचा पाय' असे नाव आहे. मी ज्याला माझ्या लेखात 'निसर्गाने मांडलेली हिरवी पायरीवाट' म्हटले होते ते हे काम होते. निसर्गाने तिथे काही मांडलेले नाही. निसर्ग ते दरवर्षी मोडायला बघतो आणि माणसे ते पुन्हा रचतात.

आता त्या गोड वाइनविषयी. ती गोड का असते, हे तळघरातल्या बाईंनी समजावून सांगितले होते आणि मी ते टिपूनही घेतले होते. पण लेखात वापरले नाही, कारण ते 'तांत्रिक' वाटले. द्राक्षरस आंबू लागला की त्यातल्या साखरेचा मद्यार्क होत जातो. हे पूर्ण होऊ दिले तर साखर संपते आणि नेहमीची कोरडी वाइन तयार होते. बान्यूल्सला ही क्रिया अर्ध्यावर अडवतात. आंबणे ऐन भरात असताना त्यात बाहेरून शुद्ध मद्यार्क ओततात. त्याने किण्व मरते आणि उरलेली साखर आहे तशी राहते. गोडवा टिकवण्याची कृती ती हीच. या भागात ती तेराव्या शतकापासून ठाऊक आहे.

हे वाचकांनी लक्षात ठेवावे, कारण मराठी प्रवासवर्णनाविषयी मला जे म्हणायचे आहे ते जवळजवळ हेच आहे. आपल्याकडे प्रवासाचा अनुभव आंबू लागतो न लागतो तोच आपण त्यात बाहेरून काहीतरी ओततो. कधी विनोद, कधी उपमा, कधी 'आपल्याकडे हे कधी होणार' हा उसासा. अनुभवाची पुढची क्रिया तिथेच थांबते. साखर शिल्लक राहते. वाचक खूश होतो. 'अपूर्वाई' (१९६०) ज्या ताकदीच्या लेखकाची होती त्याच्या हातात हा गोडवा एक प्रकृती म्हणून शोभला. त्याच्यामागून आलेल्या आम्हा शेकडो जणांच्या हातात ती नुसती कृती उरली.

आता दुसरा प्रश्न: तो कवी कोण?

त्यासाठी १९३६ या वर्षाकडे जावे लागते. त्या वर्षी फ्रान्समध्ये संपांची मोठी लाट आली आणि जूनमध्ये कामगारांना वर्षाकाठी दोन आठवड्यांची भरपगारी रजा देणारा कायदा झाला. समुद्रकिनारी सुट्टी घालवणे ही तोवर पैसेवाल्यांची मिरास होती. ती सामान्यांची झाली ती या कायद्यापासून. त्याच वर्षी 'बान्यूल्स' या नावाला कायद्याचे संरक्षण मिळाले. ठरलेल्या गावांतील, ठरलेल्या पद्धतीने केलेल्या वाइनलाच ते नाव लावता येईल असे ठरले. आणि त्याच वर्षीच्या जुलैत, डोंगरापलीकडे, स्पेनच्या निर्वाचित प्रजासत्ताकाविरुद्ध लष्करी सेनापतींनी बंड केले. सुट्टी, वाइन आणि युद्ध: मी ज्या किनाऱ्यावर गेले होते त्याचा आजचा चेहरा या तिहींनी मिळून घडवला आहे. माझ्या लेखात यांपैकी पहिल्या दोहोंचा उपभोग होता, तिसऱ्याचा मागमूस नव्हता.

हे युद्ध आपल्याला अगदीच परके आहे असेही नाही. नागपूरचे गोपाळ मुकुंद हुद्दार 'जॉन स्मिथ' हे नाव धारण करून आंतरराष्ट्रीय ब्रिगेडमध्ये लढले, १९३८ मध्ये फ्रँकोच्या सैन्याच्या हाती सापडले, सान पेद्रो दे कार्देन्या येथे कैदेत राहिले आणि सुटून भारतात परतले. वर्गात हे सांगितले तेव्हा एकाही विद्यार्थ्याने हे नाव ऐकलेले नव्हते. दोष त्यांचा नाही.

२६ जानेवारी १९३९ रोजी बार्सिलोना पडले. पुढच्या काही दिवसांत साडेचार ते पाच लाख माणसे, सैनिक, बायका, पोरे, म्हातारी, ऐन थंडीत पिरेनीज ओलांडून फ्रान्समध्ये शिरली. त्यांत अंतोनियो माचादो होते. स्पॅनिशमधील विसाव्या शतकाच्या पहिल्या फळीतले कवी. पण पोटासाठी आयुष्यभर शाळेत फ्रेंच शिकवणारे मास्तर. बरोबर वृद्ध आई, भाऊ आणि भावजय. पावसात सीमा ओलांडून ते सेर्बेरला आले आणि दुसऱ्या दिवशी, २८ जानेवारीला, आगगाडीने कोलियूरला उतरले. मी ज्या स्थानकावर उतरले तेच स्थानक. वाटेत आई, 'आपण लवकरच सेव्हिलला पोहोचू ना?' असे विचारीत होती, अशी आठवण सांगितली जाते. सेव्हिल हे माचादोंचे जन्मगाव; ते मागे, दुसऱ्या टोकाला राहिले होते.

गावातल्या एका लहानशा हॉटेलात त्यांना आसरा मिळाला. तिथल्या नोंदवहीतले नाव वाचून ज्याने त्यांना ओळखले तो रेल्वे स्थानकावरचा एक कर्मचारी होता. रात्रीच्या वर्गात तो स्पॅनिश शिकला होता आणि त्या वेळी माचादोंच्या कविता त्याने आपल्या वहीत उतरवून घेतल्या होत्या. मराठीच्या तासिकांना 'याचा उपयोग काय' असे विचारले जाण्याच्या आजच्या दिवसांत ही गोष्ट मला कोणत्याही सौंदर्यशास्त्रीय युक्तिवादापेक्षा मोलाची वाटते. एका रात्रशाळेतल्या वहीमुळे एक निर्वासित म्हातारा त्या गावात निनावी राहिला नाही.

२२ फेब्रुवारीला माचादो गेले. तीन दिवसांनी आई गेली. कवीची शवपेटी प्रजासत्ताकाच्या ध्वजात गुंडाळून स्पॅनिश सैनिकांनीच खांद्यावरून नेली. कबरीला जागाही सुरुवातीस उसनी होती. आजच्या जागी मायलेकरांना १९५८ मध्ये, वर्गणी काढून, एकत्र ठेवण्यात आले. कबरीपाशी एक टपालपेटी आहे. जगभरातून लोक माचादोंना पत्रे लिहितात आणि ती तिथे येतात. मी त्या टपालपेटीचा फोटो काढला होता, कारण तिच्यावर ऊन छान पडले होते. दिवाळी अंकात तो माझ्या लेखासोबत छापूनही आला. खाली ओळ होती: 'कोलियूर: एक निवांत कोपरा'.

ज्यांना कवी म्हणून कुणी ओळखणार नव्हते त्यांचे काय झाले, हा याचाच पुढचा भाग आहे. कोलियूरपासून काही किलोमीटरवर उत्तरेला आर्जेलेस नावाचे गाव आहे. तिथे डोंगर संपतो आणि लांबच लांब वाळू सुरू होते. फेब्रुवारी १९३९ मध्ये फ्रेंच सरकारने त्या वाळूला काटेरी तारेचे कुंपण घातले आणि निर्वासितांना आत सोडले. सुरुवातीस छप्पर नव्हते. लोकांनी हातांनी वाळूत खड्डे केले आणि वाऱ्यापासून वाचण्यासाठी त्यांत झोपले. ऐन गर्दीच्या काळात या एका छावणीतली माणसे लाखाच्या घरात गेली होती. लगतच्या सें-सिप्रियाँ आणि बार्कारेस या किनाऱ्यांवरही अशाच छावण्या होत्या. कोलियूरचा तो देखणा किल्ला, ज्याच्या तटावर उभे राहून आम्ही एकमेकींचे फोटो काढले, तो १९३९ मध्ये 'उपद्रवी' ठरवलेल्या निर्वासितांचा तुरुंग होता.

आज आर्जेलेस हे तंबू ठोकून सुट्टी घालवणाऱ्यांचे मोठे केंद्र आहे. १९६३ पासून फ्रेंच सरकारने हा सारा किनारा मोठी योजना आखून पर्यटनासाठी विकसित केला. दलदलीतले डास मारले, रस्ते बांधले, नवी सुट्टीनगरे उभी केली. फ्रेंच पर्यटक स्पेनच्या स्वस्त किनाऱ्यांकडे जातात ते इथेच थांबावेत, हाही त्यामागचा एक हेतू होता. पंचवीस वर्षांपूर्वी जे स्पेनमधून येत होते त्यांना वाळूत अडवले. आता जे स्पेनकडे जात होते त्यांना वाळूवर थांबवायचे होते. मी माझ्या लेखात लिहिले होते, 'वाळूपाठच्या झाडीत तंबूंचे एक गावच वसले आहे.' आम्ही चौथ्या दिवशी तिथे गेलो, पोहलो, आणि चटई टाकून मी तासभर गाढ झोपले. ती झोप मला अजून आठवते. ती खोटी नव्हती.

फ्रेंचांनी हे सारे लपवून ठेवले आहे, असे मात्र म्हणता येणार नाही. उशिरा का होईना, त्यांनी स्मारके केली आहेत. आर्जेलेसला छावणीचे स्मृतिसंग्रहालय आहे. पर्पिन्याँच्या वर रिव्हसाल्तला २०१५ मध्ये मोठे स्मारक उघडले. तिथल्या छावणीत आधी स्पॅनिश निर्वासित होते, आणि १९४२ मध्ये तिथूनच सुमारे २,३०० ज्यूंना मृत्यूच्या वाटेवर धाडण्यात आले. रिव्हसाल्त हेही एका गोड वाइनचे नाव आहे. बाटलीवर आणि स्मारकावर एकच शब्द लिहिलेला दिसतो. एल्न गावात एलिझाबेथ आयडेनबेन्झ या स्विस तरुणीने १९३९ ते १९४४ या काळात एक प्रसूतिगृह चालवले. छावण्यांमधल्या गरोदर बायकांना तिथे आणले जाई, आणि ५९७ मुले तिथे जन्मली. म्हणजे माहिती जागोजागी होती. पाटी वाचायला अर्धा मिनिट लागला असता. मी सुट्टीवर होते.

इथे एक आक्षेप येईल आणि तो हलका नाही. माणूस वर्षभर राबतो, दहा दिवस उन्हात पडायला जातो. तिथेही त्याने मढी उकरत बसायचे काय? प्रत्येक आनंदाच्या पोटात एक कबर शोधायची ही विद्यापीठीय खोड नव्हे काय? शिवाय आजकाल दुःखाचेही पर्यटन होते. स्मारकासमोर स्वतःची छबी टिपून घेणारे कमी नाहीत. आणि प्रवासलेखकही मध्येच एखादे युद्ध, एखादी छळकथा फोडणीसारखी टाकतात. माझ्या गोडव्याच्या जागी ही कडवट फोडणी आली तर काय साधले?

आक्षेपाचा उत्तरार्ध मला मान्य आहे. पूर्वार्ध मान्य नाही. सुट्टीचा हक्क संपांतून, झगडून मिळालेला आहे; त्यामुळे सुट्टी ही इतिहासाबाहेरची जागा नसून इतिहासाचेच एक फळ आहे. ते फळ खाताना इतिहास आठवला तर तोंडाची चव जाईल, ही भीती निराधार आहे. आणि फोडणीविषयी म्हणाल तर, दुःख वरून घालायचे नसतेच. प्रश्न जागेचा आहे. ती जागा ज्या कामाने उभी राहिली ते काम नीट पाहिले तर बाकीचे आपोआप दिसू लागते. याचे मला पटलेले उदाहरण वाल्टर बेन्यामिन यांचे आहे.

सप्टेंबर १९४०. फ्रान्स हरला आहे. आता निर्वासितांचा प्रवाह उलटा वाहतो आहे: जर्मनीतून पळालेले लेखक, विचारवंत, ज्यू, फॅसिझमचे विरोधक हे फ्रान्समधून स्पेनमार्गे पोर्तुगाल गाठू पाहताहेत. सेर्बेरच्या वाटेवर पहारा वाढलेला. बान्यूल्सचे महापौर व्हँसाँ आझेमा यांनी लिझा फिट्को या निर्वासित तरुणीला डोंगरातली एक जुनी चोरवाट समजावून सांगितली. त्यांचा सल्ला असा, की पहाटे द्राक्षमळ्यांत कामाला निघालेल्या मजुरांत मिसळून जा, हातात सामान घेऊ नका, बोलू नका. बेन्यामिन हृदयविकाराने खंगलेले. घड्याळ लावून दहा मिनिटे चालत आणि एक मिनिट थांबत. सामान घेऊ नका म्हटले तरी हस्तलिखिताची जड पिशवी त्यांनी सोडली नाही. वाटेत वेलींमधून जाणारा एक चढ इतका उभा होता, की त्यांना दोन्ही बाजूंनी आधार देऊन वर न्यावे लागले. ते पलीकडे पोर्टबूला पोहोचले. तिथे स्पॅनिश अधिकाऱ्यांनी परत पाठवण्याची धमकी दिली. २६ सप्टेंबरच्या रात्री त्यांनी जीव दिला असे सामान्यतः मानले जाते. पिशवीचा पुढे पत्ता लागला नाही. लिझा फिट्को आणि त्यांचे पती हान्स यांनी मात्र त्यानंतरही कित्येक महिने त्या वाटेने माणसे पार केली.

आता त्या तासगावच्या मुलाचा प्रश्न पुन्हा आठवावा. माल खाली कसा आणतात? पाठीवर, पायवाटेने, पहाटे निघून. त्या पायवाटा होत्या, तो पहाटेचा मजुरांचा तांडा होता, ते बांध पाय ठेवण्याजोगे होते, म्हणून माणसे निसटू शकली. त्या उतारावर कोण राबते हा प्रश्न आणि तो कवी कोण हा प्रश्न, हे दोन प्रश्न नव्हतेच. एकाच डोंगराविषयी विचारलेला तो एक प्रश्न होता. बागाईतदाराच्या मुलाने तो कामाच्या बाजूने विचारला, मुलीने साहित्याच्या बाजूने. मी मात्र या दोन्ही बाजूंच्या मध्ये, तळघरात, हातात पेला घेऊन उभी होते.

मराठीला हे जमत नाही असे मला मुळीच म्हणायचे नाही. किंबहुना आपल्या प्रवासवर्णनाचा आरंभच या बाबतीत मातबर आहे. कोकणातल्या वरसईचे विष्णुभट गोडसे काही इतिहास पाहायला निघाले नव्हते. घरी कर्ज होते, उत्तरेत शिंद्यांकडून मोठा यज्ञ व्हायचा असे ऐकले होते, दक्षिणा मिळेल म्हणून ते निघाले. वाटेत १८५७ आडवे आले. झाशीच्या वेढ्यात ते अडकले, लुटले गेले, आणि हाती काही विशेष न लागता गंगेच्या कावडी घेऊन परतले. 'माझा प्रवास' हे पुस्तक १९०७ मध्ये, त्यांच्या मागे, छापले गेले. ते लिहिलेही त्यांनी प्रवासानंतर बऱ्याच वर्षांनी. त्यात भूक, दक्षिणा, भीती, वाड्यांची वर्णने, कत्तल हे सारे एकाच आवाजात येते, कारण ते सारे एकाच माणसाच्या पायांखालून गेले होते. गोडसे भटजींनी अनुभव पुरता आंबू दिला. मध्ये काही ओतले नाही.

आणि बान्यूल्सच्या वाइनलाही न्याय द्यायचा तर हे सांगितले पाहिजे, की आंबणे अडवल्यावर तिचे काम संपत नाही. ती वर्षानुवर्षे लाकडी पिंपांत राहते. काही ठिकाणी काचेच्या मोठाल्या बुधल्यांत भरून उघड्यावर, उन्हापावसात ठेवतात. हवा लागते, रंग उडतो, लाल तपकिरी होते, आणि साखरेला अक्रोडासारखी, जळक्यासारखी एक दुसरी चव येते. म्हणजे नुसता गोडवा तिथेही पुरेसा मानत नाहीत. आम्ही मात्र सप्टेंबरात परततो आणि डिसेंबरात मजकूर तयार असतो.

आजची स्थितीही सांगायला हवी. गोड वाइनची मागणी पूर्वीची राहिलेली नाही, आणि उभ्या उतारांवरचे मळे एकेक करून पडीक पडत आहेत. २०२२ पासून पुढची दोन-तीन वर्षे या भागाने कठोर दुष्काळ पाहिला. आम्ही गेलो तेव्हाचे ते 'अखंड निळे आकाश' त्याचेच होते. एप्रिल २०२३ मध्ये सेर्बेर-बान्यूल्सच्या डोंगरांना मोठी आग लागली. कसलेला मळा आगीला अडवतो. झुडपांनी भरलेला पडीक मळा तिला वाट देतो. म्हणजे सुट्टीला येणाऱ्यांना हवे असलेले ते दृश्य टिकायचे असेल तर छाटणीला माणसे मिळतात का, हाच प्रश्न तिथेही निर्णायक आहे. तासगावच्या मुलाने एका वाक्यात जे विचारले होते ते मला समजायला एवढा खटाटोप करावा लागला.

असो. उपाय म्हणून मोठे काही सुचवण्याचा माझा अधिकार नाही. एवढे केले, की त्या वर्षी प्रवासवर्णनाच्या प्रकल्पासाठी विद्यार्थ्यांना एक अट घातली: जिथे गेलात तिथले एक काम नीट बघून लिहा, बाकी काय लिहाल ते तुमचे. बहुतेकांनी माहिती उतरवून दिली, जशी नेहमी देतात. त्या मुलाने मात्र फेब्रुवारीत गावाकडून द्राक्षांच्या पेट्या घेऊन वाशीच्या बाजारात जाणाऱ्या ट्रकमधून केलेला रात्रीचा प्रवास लिहिला. त्यात पेट्या भरताना कागद कसा घालतात ते आहे, घाटात ड्रायव्हर काय बोलतो ते आहे, पहाटे दर फुटतो तेव्हा त्याच्या वडिलांचा चेहरा आहे. समुद्र कुठेच नाही. खाडीचा वास तेवढा एकदा येतो. शुद्धलेखनाच्या चुका पुष्कळ आहेत. पुढच्या वर्षी नमुना म्हणून मी तोच लेख वर्गात वाचणार आहे.